कॅमेऱ्यातला कवी आणि घरोटावरची माय



आपल्या पोरांच्या शाळेत रोज सकाळी जे राष्ट्रगीत म्हणतात, ते लिहिणाऱ्याचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. रवींद्रनाथ ठाकूर, बंगालचे. जन्म 7 मे 1861, मृत्यू 7 ऑगस्ट 1941. 1913 साली त्यांना साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्याआधी आशिया खंडात ते कुणालाच मिळालं नव्हतं. त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे 1961 साली, भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं त्यांच्या आयुष्यावर एक माहितीपट काढला. तो केला सत्यजित राय यांनी. राय लहान असताना आईचा हात धरून रवींद्रनाथांकडे सही घ्यायला गेले होते, आणि रवींद्रनाथांनी त्या पोराच्या वहीत एक छोटी कविता लिहून दिली होती. पुढे हाच पोरगा मोठा झाला आणि त्यानं त्यांचं आयुष्य पडद्यावर मांडलं.

आम्ही काही जणींनी तो चित्रपट मोबाइलवर पाहिला. तो 54 मिनिटांचा आहे, कृष्णधवल आहे आणि इंग्रजीत आहे. निवेदन स्वतः राय यांच्याच भरदार आवाजात आहे. आमच्यातली एकजण मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होती, म्हणून दीड तास लागला. पण भाषा कळली नाही तरी सुरुवात कळते. पडद्यावर कलकत्त्याचा रस्ता आहे आणि माणसांचा नुसता समुद्र. 1941 साली रवींद्रनाथ गेले त्या दिवसाची ती अंत्ययात्रा. कुणीतरी त्या दिवशी कॅमेरा घेऊन उभं होतं, म्हणून वीस वर्षांनी राय यांना ती गर्दी दाखवता आली आणि आज आपल्यालाही दिसते.

आम्हाला या चित्रपटात सगळ्यांत जास्त हेच लागून राहिलं. राय यांच्या हाताशी किती गोष्टी होत्या! घराण्याची चित्रं होती, शेकडो फोटो होते. रवींद्रनाथांची हस्तलिखितं होती. म्हातारपणी त्यांनी काढलेली चित्रं होती. त्यांचा आवाज तबकड्यांवर होता. देशोदेशी फिरताना घेतलेली चलचित्रं होती. कमी पडलं ते फक्त लहानपण, कारण तेव्हा चलचित्राचा कॅमेरा नव्हता. मग राय यांनी एक मुलगा घेतला आणि जोरासांकोच्या मोठ्या वाड्यातलं ते एकटं पोर आपल्यापुढे उभं केलं. बाकी सगळं जपून ठेवलेलंच होतं, ते फक्त निवडून जोडायचं होतं. हे काम सोपं होतं असं नाही. पण जोडायला काहीतरी होतं.

आता आपल्या खानदेशात या.

बहिणाबाई चौधरींच्या आयुष्यावर असाच खरा, कागदोपत्री चित्रपट काढायचा म्हटलं, तर काढणाऱ्याच्या हाताशी काय आहे? त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचलेला नाही. त्यांच्या हातचं एक अक्षर नाही, कारण त्यांना लिहायला कुणी शिकवलंच नाही. त्यांच्या अंत्ययात्रेला कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही. येणार कशाला? 3 डिसेंबर 1951 ला जळगावात एक शेतकरीण म्हातारी वारली, एवढीच ती बातमी होती. ती कवयित्री आहे हे तेव्हा महाराष्ट्राला माहीतच नव्हतं.

इथून पुढे आम्ही बहिणाबाईंना 'ती' म्हणणार आहोत. आईला कुणी 'त्या' म्हणत नाही.

काही जणी दोन बहिणाबाईंची गल्लत करतात, म्हणून तेवढं आधी सांगतो. एक संत बहिणाबाई, सतराव्या शतकातल्या, तुकाराम महाराजांच्या शिष्या. त्यांनी आपली जीवनकथा स्वतःच अभंगांतून सांगून ठेवली आहे. दुसरी आपली, जळगावची. हिनं आपली कथा सलग अशी कुठेच सांगितली नाही. तिला तेवढी सवड नव्हती.

आपली बहिणाबाई जन्मली 24 ऑगस्ट 1880 ला, जळगावजवळच्या असोद्याला, महाजनांच्या घरात. बापाचं नाव उखाजी, आईचं भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि जळगावच्या चौधरी वाड्यात आली. नवऱ्याचं नाव नथुजी. ओंकार, सोपान आणि काशी ही तिची तीन मुलं. तिशीत नवरा गेला. ओंकारला प्लेगनं गाठलं. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. त्या काळात प्लेगनं मुंबई इलाख्यातली गावंच्या गावं रिकामी केली होती, लोक शिवारात झोपड्या बांधून राहायचे. तर अशी तिशीतली विधवा, पदरात तीन लेकरं, त्यातलं एक अपंग, मोठ्या वाड्यातलं खटलं आणि शेतीची कामं. आपल्यातल्या कितीजणींना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

आणि ही बाई गात होती. घरोटावर दळताना, खळ्यावर, शेतात, माहेरच्या वाटेला. घरोट म्हणजे जातं, हे आपल्या रेडिओच्या ऐकणाऱ्यांना सांगायची गरज नाही. पण हे छापून पुण्या-मुंबईकडेही जातं, म्हणून सांगितलं. तिच्या गाण्यांत काय नाही? आखाजी आहे, मोट आहे, पेरणी आहे, घरटं विणणारी सुगरण आहे, माणसाचं द्वाड मन आहे. भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिषाला ती हात दाखवायला नकार देते. नवरा गेल्याचं दुःख ती लपवत नाही, पण रडगाणंही करत नाही. स्वतःच्या मनगटावर तिचा भरवसा आहे.

जळगावात नानाजींचा छापखाना आला तेव्हा त्यावरही तिनं गाणं केलं. आम्हाला ते गाणं फार आवडतं, कारण त्यात ती छापील कागदाला आणि शिकल्या-सवरल्या माणसाला गोड चिमटा काढते. जिला कागदावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, ती छापखान्याकडे बघून हसते आहे, आणि तिचं ते हसू आज आपण छापील पुस्तकातच वाचतो.

ही गाणी उरली कशी, याची गोष्ट तिच्या आयुष्याइतकीच महत्त्वाची आहे. असं सांगतात, की सोपान शाळेत होता. पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा त्यानं आईला वाचून दाखवला. सकाळी उठून बघतो तर आईनं त्या गोष्टीचं गाणं रचलेलं! तेव्हापासून त्यानं तिची गाणी वहीत उतरवायला सुरुवात केली. नात्यातले पितांबर चौधरी यांनीही जमेल तसं टिपून ठेवलं. पुढे सोपानदेव चौधरी स्वतः नावाजलेले कवी झाले. आई गेल्यावर त्यांनी वहीतली कविता आचार्य अत्र्यांना वाचून दाखवली. अत्रे ऐकतच राहिले. हे अस्सल सोनं आहे आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. ती जाऊन वर्षही उलटलं नसेल किंवा नुकतंच उलटलं असेल. थोडक्यात, आपलं पुस्तक तिनं पाहिलं नाही.

आता जरा थांबून हिशेब करा. तेराव्या वर्षी सासरी आलेली बाई एकाहत्तराव्या वर्षी गेली. रोजचं दळण, रोजची गाणी. वहीत उतरली ती त्यातली किती? मुलगा घरात असेल, हाताशी पेन्सिल असेल आणि आईला गाणं सुचेल, असे तीन योग जुळले तेवढीच. सोपान शाळेत असताना, परगावी असताना, आई शेतात एकटी असताना जी गाणी झाली, ती तिथल्या तिथे विरली. आपण जिला बहिणाबाई म्हणून ओळखतो ती खऱ्या बहिणाबाईचा एक तुकडा आहे. तुकडाच एवढा मोठा आहे म्हणून पूर्ण किती असेल या विचारानं आम्हाला कधीकधी झोप येत नाही, असं म्हटलं तर हसू नका.

आणि आम्हाला काशीचा विचार येतो. आईजवळ घरोटाला बसायची वेळ लेकीवर जास्त येते की लेकावर? खानदेशातल्या कुठल्याही घरात विचारा. गाणी कानात जास्त कुणाच्या असतील? पण वही लेकाकडे होती. सोपानदेवांचे उपकार आपल्यावर आहेतच, ते नसते तर काहीच नसतं. प्रश्न त्यांना नाही, त्या काळाला आहे.

खानदेशात त्या काळी लिहून ठेवणारी माणसं नव्हती असं मुळीच नाही. उलट खूप होती! इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं नाव आपण ऐकलं आहे. धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. या माणसानं पायी फिरून, वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून, वाळवी लागलेल्या गाठोड्यांतून जुने कागद गोळा केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे 22 खंड त्यांच्या नावावर आहेत. 31 डिसेंबर 1926 ला ते धुळ्यातच वारले. त्या वर्षी बहिणाबाई 46 वर्षांची होती, भर उमेदीत गात होती, धुळ्यापासून शंभरएक किलोमीटरवर. राजवाड्यांना दोष द्यायला आम्ही हे सांगत नाही. ते कागद शोधत होते आणि बाईचं गाणं कागदावर नव्हतं. तेव्हाच्या शहाण्या माणसांच्या लेखी इतिहास म्हणजे पत्रं, सनदा, हिशेब, बखरी. बाईच्या तोंडात इतिहास असतो हे फार थोड्यांच्या ध्यानात आलं होतं.

ज्यांच्या ध्यानात आलं त्यांतले एक साने गुरुजी. ते अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, म्हणजे आपल्याच मुलखात. 1932 साली सत्याग्रहात ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाही तिथेच होते. विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, एकूण 18 प्रवचनं. साने गुरुजी समोर बसून ती भराभर लिहून घ्यायचे. तीच 'गीता प्रवचने'. आज कितीतरी भाषांत तो ग्रंथ आहे. विनोबांनी तो लिहिला नाही, ते बोलले. धुळ्याच्या तुरुंगात शेजारी एक लिहिणारा माणूस नसता, तर ते बोलणं दगडी भिंतींतच राहिलं असतं.

पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. तीही लेकाच्या लेखणीतून आलेली आईच. त्याच साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्री जीवन' नावानं छापल्या, दोन भागांत. ज्या काळात शिकलेले लोक ओवीला म्हाताऱ्यांची गुणगुण म्हणायचे, त्या काळात या माणसानं ती पुस्तकात आणली. फक्त एक गोष्ट आम्हाला खटकते: ओवी वाचताना खाली गाणारीचं नाव येत नाही. ओवी साऱ्यांची, म्हणून तसं झालं असेल. पण सगळ्यांची म्हणता म्हणता ती कुणाचीच राहत नाही.

रवींद्रनाथांनीही हे काम केलं आहे, आणि राय यांच्या चित्रपटापेक्षा आम्हाला ही गोष्ट जास्त जवळची वाटते. 1890 च्या दशकात जमिनदारीच्या कामासाठी ते पूर्व बंगालच्या खेड्यांत नदीवर होडीत राहत होते. तेव्हा त्यांनी बायका पोरांना झोपवताना म्हणतात ती गाणी, बडबडगीतं गोळा केली आणि त्यावर लेख लिहिले. मोठमोठ्या पंडितांच्या पत्रिकेत ती छापली. तिथल्याच गगन नावाच्या पोस्टमनचं गाणं त्यांनी ऐकलं होतं. त्याच गाण्याच्या चालीवर त्यांनी जे गीत बांधलं ते आज बांगलादेशाचं राष्ट्रगीत आहे. एका टपालवाल्याचं नाव राहिलं, कारण ऐकणाऱ्यानं ते सांगितलं.

मात्र त्यांच्या स्वतःच्या घरात डोकावलं की चित्र वेगळं दिसतं. त्यांची बायको खुलना भागातल्या खेड्यातली. लग्न झालं 1883 साली, तेव्हा तिचं वय दहाच्या आसपास आणि त्यांचं 22. माहेरचं नाव भवतारिणी. सासरी ते बदलून मृणालिनी केलं. पाच लेकरं झाली. 1902 साली तिशीही गाठली नव्हती तेव्हा ती गेली. रवींद्रनाथांनी तिला लिहिलेली पत्रं पुस्तकात छापलेली आहेत. तिची बाजू त्या पत्रांतून अंदाजानं वाचावी लागते. शताब्दीचा सरकारी चित्रपट आहे, त्यात तिच्या वाट्याला थोडीच जागा येते. राय यांचं काम सुंदर आहे, पण ते आदरानं चार पावलं लांब उभं राहून बघतं, असं आमचं मत झालं. जगातल्या सगळ्यांत जास्त फोटो निघालेल्या कवींपैकी एकाच्या घरात राहून ती बाई जवळजवळ मुकीच राहिली. नाव बदलण्याची चाल आपल्याकडेही होती, अजून काही घरांत आहे. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात, ते आठवा.

बरं, आता पुन्हा 1961. ज्या वर्षी राय यांचा माहितीपट निघाला, त्याच वर्षी मराठीत 'मानिनी' नावाचा चित्रपट आला. अनंत माने यांनी तो केला. त्यात बहिणाबाईची गाणी घेतली होती, संगीत वसंत पवारांचं. तोवर पुस्तकात असलेली गाणी मग गावोगावच्या थेटरात, लग्नाच्या मांडवात, रेडिओवर गेली. पण चित्रपटाची गोष्ट वेगळीच होती. म्हणजे एकाच वर्षी बंगालच्या कवीचं आयुष्य पडद्यावर आलं आणि आपल्या बहिणाबाईची नुसती गाणी आली. आधी सांगितलेले आचार्य अत्रे चित्रपटही काढायचे. बहिणाबाईच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1953 ला, त्यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. बहिणाबाईवरही त्यांनी चित्रपट काढला असता तर, असं आमच्यातल्या एकीनं विचारलं. काय सांगणार? तेव्हा तिला पाहिलेली, तिच्याबरोबर दळलेली, निंदणीला गेलेली माणसं जळगावात, असोद्यात शेकड्यांनी जिवंत होती. विचारायला कुणी गेलं असतं, तर सांगायला तोंडं होती.

नंतर दूरदर्शनवर भक्ती बर्वे यांनी बहिणाबाई उभी केली. ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांपुढे बहिणाबाई म्हणून आजही त्यांचाच चेहरा येतो. यशवंत देवांच्या चाली आणि उत्तरा केळकरांचा आवाज तर घराघरांत पोचला. आम्हालाही ती गाणी पाठ आहेत. पण चाल देवांची आहे, गळा केळकरांचा आहे. घरोटाच्या घरघरीबरोबर ती कोणत्या चालीत म्हणत असेल, कुठे थांबत असेल, दाणे टाकताना कडवं तोडत असेल का, हे आता कुठल्याच चित्रपटात दिसणार नाही. शब्द वहीत उतरले, पण आवाज वहीत उतरत नाही.

आणि बोली! तिची बोली लेवा घरांतली, जळगावकडची. धुळे, साक्री, शिरपूरकडची अहिराणी थोडी वेगळी. आपल्याला दोन्ही कळतात, पण बाहेरच्या गायकाच्या तोंडी तिचे शब्द आले की जरा गुळगुळीत होतात. गाणं ऐकताना आमच्यातल्या म्हाताऱ्या मध्येच मान हलवतात, 'असं नाही म्हणत आपण' म्हणतात. त्या शब्द नाही सांगत, उच्चार सांगतात.

तिच्या खुणा आज आहेत. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात तिच्या वापरातल्या वस्तू जपलेल्या आहेत. 2018 साली आपल्या विद्यापीठाला तिचं नाव दिलं: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या पोरापोरींच्या पदवीच्या कागदावर आता तिचं नाव असतं. अक्षरओळख नसलेल्या बाईचं नाव! आमच्या गटातल्या एकीच्या लेकीनं तो कागद आणला तेव्हा तिनं आधी नावावरून बोट फिरवलं, लेकीच्या नव्हे, बहिणाबाईच्या.

पण वस्तू आणि पाटी यांनी आमचं समाधान होत नाही, कारण आमच्या डोळ्यांपुढे दुसरं एक काम आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी 1980 च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पॉइटविन मूळचे फ्रान्सचे, पण आयुष्य त्यांनी मावळ-मुळशीच्या खेड्यांत काढलं. या कामातून हजारावर गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं कितीतरी ओव्या आवाजासकट ध्वनिमुद्रित झाल्या. आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या मोबाइलवर ऐकता येतात. गाणारीचा आवाज आहे, काहींचं चलचित्र आहे. आणि खाली तिचं नाव आहे, गाव आहे. राईरकर आणि पॉइटविन दोघंही आज हयात नाहीत. त्या गाणाऱ्यांतल्याही अनेकजणी नाहीत. आवाज मात्र आहे.

ते काम मुख्यतः पुण्याकडचं. आपल्याकडचं काय? आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर जी गाणी म्हणतात, गौराईची गाणी, श्रावणात कानबाईची रात्रभर चालणारी गाणी, हळद दळतानाची, बाळंतिणीची, आणि काही अशी, जी लग्नात विहिणीला उद्देशून म्हणतात आणि रेडिओवर लावता येणार नाहीत. तीही पाहिजेत. घरोट आता बहुतेक घरांत कोपऱ्यात किंवा अंगणात पालथं पडलंय, चक्की आली, दळणाचा त्रास गेला, बरं झालं. चक्कीवर कुणी गात नाही, आणि त्याबद्दल रडायची आमची इच्छा नाही. पहाटे तीनला उठून दळणं काही गंमत नव्हती. पण ज्यांनी ते दळण केलं आणि गाऊन केलं त्या बाया आता पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. दर पावसाळ्याला एखादी कमी होते.

सोपानदेवांकडे वही होती, राय यांच्याकडे कॅमेरा. आपल्या बचत गटातल्या निम्म्या जणींच्या कंबरेला मोबाइल आहे. म्हणून या आखाजीपासून आमच्या रेडिओवर गाण्यांसाठी वेगळा वेळ ठेवला आहे. पाठवताना एवढं करा. म्हातारीला आधी विचारा, रेडिओवर लावलं तर चालेल का. नको म्हणाली तर घरात जपून ठेवा, पण घ्या. पंखा बंद करा, त्याचा आवाज फार येतो. गाणं सुधारायला जाऊ नका. 'आजी, असं नाही, असं म्हणा' हे तर अजिबात नको. मध्येच थांबून ती काही सांगायला लागली, कुणाची आठवण काढली, रडली, तरी बंद करू नका. गाणं कुणाकडून शिकली ते विचारा. नाव लिहिताना लग्नाआधीचंही नाव लिहा, आणि सासरच्या गावाबरोबर माहेरचं गाव. बहिणाबाईच्या नावाला आपण जळगाव जोडतो, पण पहिली गाणी तिच्या कानात असोद्यातच पडली असणार.

आणि गाणं अर्धंच आठवलं, तर अर्धंच पाठवा. उरलेलं अर्धं पलीकडच्या गावातल्या कुणाला तरी येत असतं.